एकाच नावाचे पाच डास

नोंदवहीत दोन्ही गावांपुढे एकच नाव होते: ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस. दोन्ही गावांत धानाच्या बांध्या, दोन्हीकडे घराला लागून गोठे, दर माणशी दर तासाला सापडणाऱ्या डासांची संख्याही उन्नीस-वीस. तरीही एका गावातून दर पावसाळ्याच्या शेवटी हिवतापाचे रुग्ण येत राहायचे आणि दुसऱ्या गावातून आलेल्या रक्तनमुन्यांच्या काचा एकामागून एक निरंक निघायच्या. पूर्व विदर्भात हिवतापाच्या कामात केस पिकलेल्या माणसांना हे ठाऊक होते. कोणी पाण्याचे कारण सांगे, कोणी माणसांच्या काटकपणाचे, कोणी फवारणीच्या पथकाचे. प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका संशोधन प्रकल्पात दाखल झाले तेव्हा हाच प्रश्न माझ्या वाट्याला आला. पुढच्या सगळ्या नोकरीत मी त्याच प्रश्नाच्या मागे गेले, असे म्हटले तरी चालेल.

आमचे काम उजाडायच्या आधी सुरू व्हायचे. रात्री रक्त पिऊन जड झालेली मादी पहाटे भिंतीवर, छपराच्या वाशांवर, टांगलेल्या कपड्यांमागे, गोठ्यातल्या गव्हाणीखाली विसावते. ऊन चढले की ती अधिक आडोशाला सरकते आणि मग हाती लागत नाही. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि दोन्हींच्या मध्ये जाळीचा तुकडा. भिंतीवर प्रकाश टाकायचा, नळीचे तोंड डासावर अलगद आणायचे आणि श्वास आत ओढायचा. जोरात ओढला तर पाय तुटतात, पंखांवरचे खवले झडतात आणि ओळख पटवायला काही उरत नाही. एका घरात किंवा गोठ्यात पंधरा मिनिटे, मग पुढचे घर.

हे कसब मला सरकारी खात्यातल्या एका कीटक समाहारकांनी शिकवले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. डास बसला कसा आहे एवढ्यावरून ते नाव सांगत. ॲनॉफेलीस साधारणपणे डोके भिंतीकडे आणि पोटाचे टोक वर करून तिरपा बसतो. क्युलिसिफेसीस मात्र भिंतीशी बराचसा समांतर बसतो, त्यामुळे नवख्याला तो साधा क्युलेक्स वाटतो आणि सुटून जातो. मामांच्या नजरेतून तो सुटत नसे. नंतर भिंगाखाली आम्ही पंखाची तिसरी शीर पाहायचो. ती बहुतांशी गडद असेल तर क्युलिसिफेसीस, बहुतांशी फिकट असेल तर त्याच्यासारखाच दिसणारा फ्लुव्हिॲटिलिस. एवढी काळजी घेऊनही शेवटी नोंदवहीत जे नाव लिहिले जाई ते अपुरे होते, कारण ज्याला आपण क्युलिसिफेसीस म्हणतो तो एक डास नाही.

१९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी दाखवून दिले की क्युलिसिफेसीस या एका नावाखाली किमान दोन वेगळ्या प्रजाती आहेत. त्यांना ए आणि बी अशी अक्षरे मिळाली. त्यानंतर दिल्लीच्या मलेरिया रिसर्च सेंटरमध्ये डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. १९८३ मध्ये सी, १९९१ मध्ये डी आणि १९९९ मध्ये ई यांची भर पडली. पाचही बाहेरून अगदी सारखे. खवले, पंख, पाय, सोंडेजवळचे पट्टे, कशातही भरवशाचा फरक नाही. फरक आहे तो पेशीच्या आत.

तो पाहण्याची पद्धत मी याच प्रकल्पात शिकले आणि आजही मला ती कीटकशास्त्रातली सर्वांत सुंदर पद्धत वाटते. त्यासाठी मादी नेमक्या अवस्थेत हवी. तिचे पोट पुढून रक्ताने काळपट-लाल आणि मागून वाढत्या अंड्यांनी पांढरट दिसले पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर अंडी पूर्ण भरतात आणि काम संपते. सुईने अंडाशय अलगद बाहेर काढायचे आणि तीन भाग मिथेनॉल, एक भाग ॲसेटिक आम्ल अशा द्रावणात टाकून थंड जागी ठेवायचे. मुक्कामी परतल्यावर काचेवर ऑर्सीनचा रंग द्यायचा, वर दुसरी पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचे. दाब नेमका बसला तर अंड्यांना पोसणाऱ्या पेशींतली महागुणसूत्रे उलगडून पसरतात आणि त्यांच्यावरचे गडद-फिकट आडवे पट्टे स्पष्ट दिसू लागतात.

पट्ट्यांचा हा क्रम म्हणजे लुगड्याचा काठ समजा. काठातला एक तुकडा कापला, उलटा फिरवला आणि त्याच जागी पुन्हा शिवला, तर नक्षी तीच राहते, पण तेवढ्या जागेत तिचा क्रम उलटा होतो. गुणसूत्रातही असे उलटे तुकडे असतात. ए प्रजातीत एक्स गुणसूत्रावरचा क्रम एक, बी प्रजातीत दुसरा. आता एकाच गोठ्यातल्या ए आणि बी यांचा संकर होत असता तर काही माद्यांमध्ये आईकडून आलेला सरळ तुकडा आणि वडिलांकडून आलेला उलटा तुकडा एकत्र दिसला असता. अशा जोडीत गुणसूत्राला फासासारखे वेटोळे पडते. ते भिंगाखाली लपत नाही. पण एकाच छपराखाली पकडलेल्या डासांत ही मिश्र जोडी सापडत नव्हती. याचा अर्थ सरळ होता. एकाच भिंतीवर, एकमेकांना खेटून बसलेले हे डास निसर्गात आपसांत प्रजोत्पादन करत नाहीत. ते शेजारी राहतात, पण त्यांचे वंश वेगळे आहेत.

वंश वेगळे म्हणजे सवयी वेगळ्या. बी प्रजाती प्रामुख्याने गुराढोरांचे रक्त पिते आणि हिवतापाचा परजीवीही तिच्यात नीट वाढत नाही. भारतात बहुतेक ठिकाणी ती हिवताप पसरवण्याच्या दृष्टीने दुबळी ठरली आहे. ए, सी आणि डी मात्र हिवतापाच्या वाहक आहेत. म्हणजे नोंदवहीत ज्याची घनता आम्ही इमानेइतबारे भरत होतो, त्या आकड्यात धोक्याचे आणि बिनधोक्याचे डास एकत्र मोजले जात होते.

म्हणून आम्ही एकाच डासाकडून तीन उत्तरे मागायला लागलो. अंडाशय गुणसूत्रांसाठी जायचे, म्हणजे ती कोण आहे हे कळायचे. पोटातले रक्त गाळणकागदावर टिपून घेतले जायचे, म्हणजे तिने चावा कोणाला घेतला, माणसाला की गाईला, हे कळायचे. डोके आणि छाती वेगळ्या कुपीत जायची, म्हणजे तिच्या लाळग्रंथीत परजीवी पोहोचला आहे का ते तपासता यायचे. तिन्हींवर एकच क्रमांक. हा क्रमांक चुकला तर मादी वाया गेली. रात्री कंदिलाच्या उजेडात मामा क्रमांक वाचत आणि मी लिहीत असे. या कामात भिंगापेक्षाही शिस्त मोठी असते, हे मला त्या रात्रींनी शिकवले.

गावातली माणसे आमच्याकडे कुतूहलाने पाहत. एका गोठ्याच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने मला विचारले, "अवो बाई, लोक मच्छर मारतेत अन् तुमी डबीत भरून नेता. का करता जी त्याचं?"

मी म्हटले, "आजी, कोणता मच्छर कोणाचं रक्त पितो ते पाहतो. गाईचं पिणारा वेगळा, माणसाचं पिणारा वेगळा."

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मंग आमच्या गावचा कोनता हाय, ते पायलं का मले येऊन सांगजा."

त्या वाक्याने माझ्यावर एक जबाबदारी आली. तोवर आमची माहिती वरच्या कार्यालयात जायची, तिथून अहवालात आणि अहवालातून एखाद्या शोधनिबंधात. ज्या घरातून डास उचलला त्या घरी ती परत जावी असा विचार कोणी बोलून दाखवला नव्हता. आम्ही पुढच्या फेरीत त्या गावी गेलो आणि आजीच्या अंगणात बसून सांगितले. ताप नसलेल्या त्या गावातल्या काचांवर जवळजवळ सगळीकडे बी होती. तापाच्या गावात बीच्या जोडीला सी होती आणि माणसांच्या रक्ताच्या खुणा तिथल्याच कागदांवर अधिक होत्या. दोन गावांवरून नियम ठरत नाही, हे मला माहीत होते. पण देशात इतरत्रही हेच चित्र पुढे आले आहे. अलाहाबाद जिल्ह्यात झालेल्या अभ्यासातही जिथे बी प्रजातीचे प्राबल्य होते तिथे हिवताप कमी आढळला. उत्तरेकडच्या गावांतही परजीवी सापडले ते मुख्यतः ए प्रजातीत.

या पाच प्रजाती देशाच्या नकाशावर मांडल्या की अनेक जुनी कोडी सुटतात. बी जवळजवळ सगळीकडे आहे. ए उत्तरेत आणि दक्षिणेत. सी गुजरात, मध्य भारत, महाराष्ट्र, ओडिशा या पट्ट्यात. डी वायव्येत, मध्य भारतात आणि दक्षिणेच्या काही भागांत. नकाशा सांगतो की राजस्थानातला क्युलिसिफेसीस आणि गडचिरोलीतला क्युलिसिफेसीस यांच्याबद्दल एकच विधान करणे धोक्याचे आहे. एका ठिकाणी यशस्वी झालेला उपाय दुसरीकडे का फसतो, याचे एक मोठे कारण इथे आहे.

यातले सर्वांत विलक्षण कोडे श्रीलंकेचे होते. १९३४-३५ मध्ये त्या बेटावर हिवतापाची जी भयंकर साथ आली, तिच्यात सुमारे ८० हजार माणसे दगावली. वाहक क्युलिसिफेसीसच होता. पण गुणसूत्रे पाहण्याची पद्धत आल्यावर श्रीलंकेतल्या डासांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात फक्त बी प्रजाती दिसली. भारतात जी दुबळी, तीच समुद्राच्या पलीकडे इतकी मारक कशी? हे कोडे सुटले रामेश्वरमला. तिथेही हिवताप होता आणि तिथेही डास बीसारखेच दिसत होते. महागुणसूत्रांचे पट्टे हुबेहूब सारखे. मग संशोधकांनी नराचे वाय गुणसूत्र पाहिले, आणि त्याच्या आकारात फरक निघाला. हीच ती ई प्रजाती. ती माणसाला चावते आणि परजीवी जोमाने वाढवते. पुढे श्रीलंकेतही ती सापडली. ही हकिगत मी प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला सांगत असे, कारण आपले सर्वांत चांगले साधनही कुठे कमी पडू शकते हे तिच्यातून कळते. पट्टे सारखे दिसले म्हणून प्रजाती एकच असते असे नाही. डास आणि आजार यांचा मेळ बसत नसेल तर दोष आजाराला देण्याआधी डासाकडे पुन्हा पाहावे.

या विचाराला जुनी परंपरा आहे. युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना एक गोष्ट छळत होती. ॲनॉफेलीस मॅक्युलिपेनिस हा डास भरपूर असूनही काही प्रदेशांत हिवताप नव्हता. १९२६ मध्ये इटलीच्या आरोग्य खात्यातल्या दोमेनिको फालेरोनी या निरीक्षकाने माद्यांना अंडी घालू दिली आणि अंड्यांवरची नक्षी पाहिली. ती वेगवेगळी निघाली. त्यातूनच पुढे मॅक्युलिपेनिस म्हणजे अनेक प्रजातींचा समूह आहे हे सिद्ध झाले. त्यातल्या काही वाहक, काही नाहीत. हा शोध लागला तो मोठ्या प्रयोगशाळेच्या बळावर नव्हे. रोजच्या कामात बारकाईने पाहणाऱ्या एका आरोग्य कर्मचाऱ्याने तो लावला. मामांसारख्या माणसांकडे पाहताना मला नेहमी फालेरोनी आठवत.

डोंगराकडे गेलो की चित्र बदलायचे. खळाळ कमी झालेल्या ओढ्यांच्या गवताळ कडेला फ्लुव्हिॲटिलिसच्या अळ्या मिळायच्या. हाही एक डास नाही. एस, टी आणि यू असे त्याचे तीन प्रकार १९९४ मध्ये वेगळे करण्यात आले. एस घरात विसावतो, माणसाचे रक्त पितो आणि ओडिशाच्या जंगलपट्ट्यात तो अत्यंत जोरकस वाहक आहे. टी आणि यू गोठ्यात राहतात आणि गुरांवर भागवतात. एकाच टेकडीच्या दोन उतारांवर फवारणीचा परिणाम वेगळा का, हे यावरून समजते. घराच्या भिंतीवर फवारलेले औषध घरात बसणाऱ्यालाच मारणार. गोठ्यात फवारले तर तिथे बसणाऱ्यांवर तेच औषध वाया जाते. शिवाय तिथे त्या डासांचा औषधाशी विनाकारण संबंध येत राहतो.

औषधाशी येणाऱ्या या संबंधाची किंमत देशाने मोजली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एका लाखावर आली. आता हा आजार संपला असे वाटत असतानाच तो उलटला. १९७६ मध्ये ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. कारणे अनेक होती. निधी, औषधाचा तुटवडा, शिथिलता. पण त्यात एक कारण डासाच्या शरीरात होते. क्युलिसिफेसीसला डीडीटी पचू लागल्याची नोंद १९५९ मध्येच पंचमहाल जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, झाली होती. पुढे मॅलॅथिऑनही पचले आणि नंतर काही भागांत सिंथेटिक पायरेथ्रॉइडही. चेतातंतूंवरच्या सोडियमच्या मार्गिकेची घडण ठरवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तरी डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्हींचा मारा बोथट होतो. असा बदल झालेला एक डास शंभरांतून वाचतो, त्याची पिले वाचतात आणि काही पावसाळ्यांत त्या शिवारातली सगळी डासवस्ती बदलते. मच्छरदाणीला लावलेले औषध कोणत्या तालुक्यात चालेल आणि कुठे चालणार नाही, हे ठरवायचे असेल तर त्या तालुक्यातल्या डासांची चाचणी घ्यावीच लागते. शेजारच्या जिल्ह्याचा अहवाल इथे उपयोगी पडत नाही.

पुढच्या काळात माझे काम शहरांकडे वळले आणि दुसरा एक डास समोर आला. ॲनॉफेलीस स्टेफेन्सी. विदर्भातल्या माणसाला त्याच्याबद्दल एक गोष्ट माहीत असायला हवी. ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी १९०१ मध्ये शास्त्रापुढे त्याचे प्रथम वर्णन केले ते एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, केलेल्या निरीक्षणांतून. हा डास विहिरीत, टाकीत, हौदात, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईतल्या हिवतापाचे मूळ विहिरींत आहे हे बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने मांडले आणि त्यानंतर शहरातल्या विहिरी बुजवण्याचे, झाकण्याचे काम हाती घेतले गेले. धार्मिक भावनांमुळे त्याला विरोधही झाला. विहिरी गेल्या, त्यांच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आल्या. १९८० च्या दशकात गोव्यात पणजीच्या परिसरात बांधकामे वाढली, तेव्हा स्लॅबवर साठवलेले पाणी, अर्धवट इमारतींतले हौद आणि हिवतापाच्या प्रदेशातून कामासाठी आलेले मजूर एका ठिकाणी आले आणि तिथेही आजाराने डोके वर काढले. दोष त्या मजुरांचा नव्हता. तेच सर्वांत उघड्यावर झोपत होते आणि सर्वांत आधी आजारी पडत होते.

स्टेफेन्सीतही भेद आहेत. १९३७ मध्ये म्हैसूरकडे काम करणाऱ्या स्वीट आणि राव यांनी त्याच्या अंड्यांच्या बाजूला असणाऱ्या तरंगत्या पडद्यांवरच्या वळ्या मोजल्या. शहरी रूपात त्या १४ ते २२, ग्रामीण मायसोरेन्सिस रूपात ९ ते १५. आपल्याकडे शहरातले रूप जोरकस वाहक, खेड्यातले गुरांकडे वळलेले. म्हणून टाकीतून आणलेल्या अळ्या वाढवायच्या, माद्यांना अंडी घालू द्यायची आणि एकेका अंड्याच्या वळ्या मोजायच्या, हे काम मी महिनोन्महिने केले. डोळे दुखत, पण त्या मोजणीतून कळायचे की शहराच्या कडेला, जिथे म्हशींचे तबेले आणि नव्या इमारती शेजारी उभ्या आहेत, तिथे दोन्ही रूपे आणि त्यांच्या मधले रूपही नांदते आहे. खेडे जिथे शहर होत असते तिथेच डासांची वस्तीही बदलत असते.

हा डास आता आपल्यापुरता राहिलेला नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी त्या छोट्या देशात हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७३ हजारांच्या वर गेली. २०१६ मध्ये तो इथिओपियात आढळला, पुढे सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनियातही. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता, कारण तिथले मूळ वाहक डबकी आणि पाणथळ जागांत वाढतात. टाकीत वाढणारा डास आल्याने तिथल्या शहरांवर नवे संकट आले आहे. जनुकांची तुलना केल्यावर त्या डासांचे नाते दक्षिण आशियातल्या वस्त्यांशी जुळते आहे. श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्त जाहीर केले आणि त्याच वर्षाअखेरीस मन्नारला तिथे पूर्वी कधीही न आढळलेला हाच स्टेफेन्सी सापडला. तो वेळेवर सापडला, याचे श्रेय रुग्ण नसतानाही डास तपासणे न थांबवणाऱ्या तिथल्या पथकांना आहे.

माझ्या उमेदीच्या काळात महागुणसूत्रांवर जे काम होई, ते आज डीएनएच्या चाचणीने होते. मादी नेमक्या अवस्थेत असण्याची अट राहिली नाही. नर चालतो, अळी चालते, वाळलेला पाय चालतो. एका चाचणीने ए-डी आणि बी-सी-ई असे दोन गट पडतात, दुसरीने गटातल्या प्रजाती वेगळ्या होतात. वाहक कुठून आला, त्याच्यात औषधाला दाद न देणारे जनुक आहे का, हे आता काही दिवसांत कळते. या साधनांचे मला मनापासून अप्रूप आहे. नवी मुले ती सहज हाताळतात हे पाहून समाधान वाटते.

पण कुपीत टाकायला डास लागतो. तो कोणी तरी पहाटे उठून, चिखल तुडवून, कोणाच्या तरी गोठ्यात वाकून पकडावा लागतो. आणि तो कुठल्या गावातून, घरातून की गोठ्यातून, कोणत्या महिन्यात, धान लावल्यानंतर की कापल्यानंतर पकडला, हे लिहिले नसेल तर जनुकाची सगळी अक्षरे वाचूनही तो नकाशावर ठेवता येत नाही. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली गेली नाही. असे एकाच जिल्ह्यात झाले नाही. कीटक समाहारकाचे पद कागदावर राहते, माणूस दुसऱ्या कामाला लावला जातो आणि नोंदवहीत गेल्या वर्षीचे नाव पुन्हा लिहिले जाते. दरम्यान धरणाचा कालवा नव्या गावात पोहोचतो, जंगल तुटते, घरे मातीची होती ती सिमेंटची होतात, गोठा घरापासून दूर जातो. यातल्या प्रत्येक बदलाने तिथल्या डासांच्या प्रजातींचे प्रमाण बदलू शकते.

भारताने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे. रुग्ण लाखोंनी होते तेव्हा ढोबळ माहितीवरही बरेच काम झाले. आता रुग्ण कमी होत आहेत, उरलेले विशिष्ट टापूंत एकवटले आहेत, आणि अशा टापूंत नेमका कोणता डास काम करतो हे कळल्याशिवाय शेवटचा टप्पा पार होणार नाही. राजस्थानसाठी आखलेली फवारणी गडचिरोलीत आणि मुंबईसाठी आखलेला उपाय भामरागडला चालत नाही.

म्हणून माझी विनंती तीन जणांना आहे. आरोग्य खात्याने कीटक समाहारकांची पदे भरावीत, त्यांना त्याच कामावर ठेवावे आणि त्यांनी आणलेल्या डासांची प्रजाती दरवर्षी नव्याने तपासावी. महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी निदान एक ऋतू गोठ्यात आणि ओढ्याकाठी काढावा. डीएनएचे काम त्यानंतर अधिक अर्थपूर्ण होते. आणि वाचकांनो, तुमच्या दाराशी एखादा आरोग्य कर्मचारी टाकी पाहायला किंवा भिंतीवरचा डास पकडायला आला तर त्याला आत घ्या, आणि काय सापडले ते परत येऊन सांगायला सांगा. ती माहिती तुमच्या घराची आहे. तिच्यावर पहिला हक्क तुमचा आहे.